पूलच्या मोठ्या स्पर्धांमधलं समालोचन आणि रेफ्री: तुम्हाला बघताना काय खटकतं?

खडूची_डबी (पुणे), शनिवार रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे स्नूकरवर बरेच धागे आहेत पण पूलवर फार कमी बोललं जातं म्हणून लिहितोय.

गेली काही वर्षं वर्ल्ड नाइनबॉल टूरचं जे काही मिळेल ते बघतो (नाइनबॉल म्हणजे पूलचा तो प्रकार ज्यात टेबलवरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉललाच आधी मारायचं असतं). सौदीतल्या जेद्दाहच्या मॅचेस आपल्याला बऱ्या पडतात, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे, पूलच्या यूएस ओपनला मात्र रात्र जागवावी लागते. गेल्या आठवड्यात २०२५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल परत काढून बघितली, कार्लो बिआडो विरुद्ध फेडोर गोर्स्ट, १५-१३. एकदा आवाज चालू ठेवून बघितली आणि मग एकदा आवाज बंद करून. हा खेळ मी आता बहुतेक वेळा आवाज बंद करूनच बघतो आणि मला ते आवडत नाही, कारण चांगला समालोचक असेल तर त्याच्यासारखं शिक्षण कुठे नाही.

माझं म्हणणं साधं आहे. बॉल गेला की नाही हे मला दिसतं, ते सांगायला माणूस नको. मला शॉटच्या आधी सांगा की क्यू बॉल, म्हणजे क्यूने (काठीने) मारायचा पांढरा बॉल, कुठे आणायचाय आणि का. टेबलवर चार बॉल उरलेत, सहानंतर सात आहे आणि सात कुशनला, म्हणजे टेबलच्या कडेला, चिकटलाय, मग सहावर क्यू बॉल सातच्या कुठल्या बाजूला थांबला पाहिजे? हे आधी सांगितलं तर शॉट चुकला की जमला हे घरी बसलेल्या माणसाला स्वतःला कळतं. त्याऐवजी बहुतेक प्रसारणांत शॉट होईपर्यंत गप्पा चालतात, कुणाचं विमान उशिरा आलं वगैरे, आणि शॉट झाल्यावर 'काय अप्रतिम!' का अप्रतिम ते नाहीच.

ॲक्यू-स्टॅट्स ह्या कंपनीच्या पूल मॅचेसच्या जुन्या टेप ज्यांनी बघितल्यात त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बिली इनकार्डोना आणि ग्रेडी मॅथ्यूज समालोचनाला बसलेले असायचे, आवाज घोगरे, चित्र अंधुक, पण दोघं एकमेकांशी वाद घालायचे की हा इथून सेफ्टी खेळेल (समोरच्याला अडकवेल) का बँक मारेल (बॉल कुशनवरून टाकेल), आणि ते ऐकून आम्ही शिकलो. दोघंही स्वतः पैसे लावून खेळलेली माणसं होती.

रेफ्रीचा विषय वेगळा आहे पण मला वाटतं दुखणं एकच आहे. मी स्वतः क्लबच्या स्पर्धांना रेफ्री म्हणून उभा राहतो त्यामुळे ह्यावर जरा जास्तच बोलेन. आधी तुमचं ऐकतो.

मुलुंडकर_९, शनिवार रात्री ११:५८

शंभर टक्के. एक भर घालतो, नावं. को पिन-यी आणि को पिंग-चुंग हे दोघं सख्खे भाऊ, एक २०१५ ला एकाच वर्षात नाइनबॉल आणि टेनबॉल दोन्हीचा वर्ल्ड चॅम्पियन, दुसरा २०१९ चा टेनबॉल वर्ल्ड चॅम्पियन आणि २०२३ चा यूएस ओपन विजेता. इतके मोठे खेळाडू आणि समालोचनात नुसतं 'को'. कुठला को? तुम्ही आठवडाभर तिथे आहात, एकदा त्या मुलाला विचारा ना बाबा तुझं नाव कसं म्हणायचं.

एडिसनची_मेघा (न्यू जर्सी), रविवार सकाळी ७:१५

खडूदादा, रेफ्रीबद्दल मला बोलायचंय कारण मी डोळ्यांनी बघितलंय. २०२३ ला अटलांटिक सिटीला हॅराजमध्ये यूएस ओपन बघायला आम्ही तिघी गेलो होतो, एडिसनहून गाडीने फार लांब नाही. २५६ खेळाडू. टीव्हीवर तुम्हाला एक टेबल दिसतं, त्याला काळा ड्रेस, हातमोजे घातलेला रेफ्री, शॉट क्लॉक, सगळा थाट. पण हॉलमध्ये मागे जी टेबलांची रांगच्या रांग असते तिथे प्रत्येक टेबलला रेफ्री नाही. दोघं खेळाडूच आपापसात बघतात, आणि एखादा शॉट अडचणीचा वाटला तर प्रतिस्पर्ध्याने उठून हात वर करायचा, फिरत्या रेफ्रीला बोलवायचं, तो येईपर्यंत थांबायचं आणि मग शॉट. आणि हे शॉटच्या आधी करायचं. नंतर कितीही ओरडलात तरी दोघांचं पटलं नाही तर झुकतं माप मारणाऱ्यालाच.

मी एका मागच्या टेबलजवळ उभी होते. एक मुलगा, विशीतला असेल, समोरच्याचा क्यू बॉल दुसऱ्या बॉलच्या अगदी जवळ होता, रेफ्रीला बोलवावं की नको ह्या विचारात तो खुर्चीवरून अर्धा उठला आणि परत बसला. बोलावलं असतं तर समोरच्याला वाटलं असतं हा माझ्यावर संशय घेतोय. शॉट झाला, मला तरी फाउल वाटला, तो मुलगा काहीच बोलला नाही. तो रॅक, म्हणजे तो डाव, गेला, मॅचही गेली.

इतक्या पैशाच्या स्पर्धेत एका माणसाला नियम पाळून घेण्यासाठी वाईटपणा घ्यावा लागतो हे मला पटत नाही. टीव्हीवरच्या टेबलला वेगळा न्याय आणि भिंतीकडच्या टेबलला वेगळा.

कोल्हापुरी_क्यू, रविवार सकाळी ९:३२

मेघाताई तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. आमच्याकडं तर फिरता रेफ्री पण नसतो. मागं एका राज्य पातळीवरच्या स्पर्धेत, नाव घेत नाही, हिल-हिल चाललेली, म्हणजे दोघांनाही एकच रॅक पाहिजे होता, आठ आणि नऊ टेबलवर. समोरच्याचा क्यू बॉल आठपासून बोटभर पण लांब नाही, त्यानं सरळ मारला आणि क्यू बॉल आठच्या मागोमाग पळत सुटला, दोन्ही एकाच वेगानं. डबल हिट, म्हणजे क्यू बॉलला क्यू दोनदा लागलेला, आंधळ्याला पण कळंल. मी उठलो तर तिथला माणूस म्हणाला क्यू उचलून मारलाय, पंचेचाळीस अंशाच्या वर, म्हणजे फाउल नाही. असा नियम कुठं लिवलाय विचारलं तर म्हणाला सगळीकडं असंच चालतं. हरलो. दोन वर्षं झाली पण तो शॉट अजून डोळ्यांपुढं येतो.

सुहास_डी, रविवार सकाळी १०:०५

पण पंचेचाळीस अंशाचा नियम आहेच की? आम्ही लहानपणापासून तसंच खेळतोय. क्यू मागून उचलला की चालतं.

खडूची_डबी, रविवार दुपारी १:२०

@सुहास, असा नियम डब्ल्यूपीएच्या (पूलच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत नाही. हे बारमधलं आणि पार्लरमधलं चालत आलेलं आहे आणि त्याने किती रॅक चुकीच्या माणसाला गेलेत देव जाणे. क्यू कितीही उचला, टिप (क्यूचं टोक) क्यू बॉलला दोनदा लागली की फाउल, विषय संपला.

@कोल्हापुरी, तुमचा फाउलच होता. कसं ओळखायचं ते नीट लिहितो, कारण हे समालोचकांनी सांगायला पाहिजे आणि बहुतेकदा सांगत नाहीत.

टिप आणि बॉल ह्यांचा स्पर्श साधारण एक मिलिसेकंदाचा असतो. म्हणजे डोळ्याने तो दिसतच नाही, आणि कुणी म्हणालं की मी दोनदा लागताना बघितलं तर त्याने बघितलेलं नाही. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये पण दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंद जातात, त्यात तो स्पर्श निसटू शकतो. म्हणून रेफ्री स्पर्श बघतच नाही, बॉल कसे वागले ते बघतो.

दोन बॉल सारख्या वजनाचे. क्यू बॉल समोरच्या बॉलवर सरळ आदळला की आपला सगळा वेग देऊन टाकतो आणि क्षणभर जागीच थांबतो. टॉप (पुढची फिरकी) दिला असेल तर तो क्षणभर थांबून मग फिरकीच्या जोरावर पुढे निघतो, सुरुवातीला हळू आणि मग वेग घेतो. हे झालं खरं फॉलो. पण दोघांत खडूच्या तुकड्याएवढंही अंतर नसेल तर क्यू बॉल टिपपासून सुटायच्या आतच समोरच्यावर आदळतो, थांबतो, आणि मागून येणारी टिप त्याला परत ढकलते. मग तो न थांबता दुसऱ्या बॉलच्या मागे जवळपास त्याच वेगाने पळतो. कोल्हापुरी साहेबांनी जे लिहिलंय, दोन्ही एकाच वेगाने, तीच खूण. रेफ्रींना जे मार्गदर्शन आहे त्यातही हेच, इतक्या जवळून मारलेला क्यू बॉल अर्ध्या बॉलपेक्षा जास्त पुढे गेला तर फाउल धरायचा. आणि दोन बॉल आधीच चिकटलेले असतील तर गोष्ट वेगळी, तिथे आरपार मारायला परवानगी आहे, पण ते चिकटलेत हे रेफ्रीने आधी बघून जाहीर करायचं असतं.

कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे निवृत्त प्राध्यापक डेव्हिड अल्सिएटोरे, सगळे त्यांना डॉ. डेव्ह म्हणतात, त्यांनी हे सगळं हाय-स्पीड कॅमेऱ्याने दाखवलंय. फुकट बघायला मिळतं. जो माणूस रेफ्री म्हणून उभा राहतो त्याने एक दिवस बसून ते बघावं एवढीच माझी विनंती आहे.

दोन बॉलना एकाच वेळी लागल्यासारखं झालं तर? तिथेही क्यू बॉल कुठल्या दिशेला फुटला त्यावरून आधी कोण लागला ते कळतं. आणि कळलंच नाही तर नियम म्हणतो की बरोबरचाच बॉल आधी लागला असं धरायचं. तिथे रेफ्रीने मारणाऱ्याला सूट दिली तर ती त्याची भीड नाही, नियमच तसा आहे.

सुहास_डी, रविवार दुपारी १:४८

हे मला खरंच माहिती नव्हतं. आज संध्याकाळी टेबलवर करून बघतो.

एडिसनची_मेघा, रविवार संध्याकाळी ६:१०

हे असं समालोचनात एकदा जरी ऐकलं असतं ना! होतं काय की रिप्ले दाखवतात आणि समालोचक म्हणतो जवळचं होतं हं, रेफ्रीने ठीक म्हटलंय तर ठीक असेल. अहो तुम्ही तिथे बसलाय, क्यू बॉल थांबला का नाही एवढं तरी सांगा.

मात्र सगळ्यांना एका माळेत ओवू नका. जेरेमी जोन्स आवर्जून ऐकण्यासारखा आहे, २००३ ला यूएस ओपन जिंकलेला माणूस आणि पुढच्या तीन बॉलचा रस्ता आधी बोलून दाखवतो. कार्ल बोयसही, खेळाडू असल्यामुळे त्याला दडपण कळतं. जिम विच तर स्नूकरमधून आलेला, शांत.

वसंत_कुलकर्णी_ठाणे, रविवार रात्री ८:३०

माझं वय पासष्ट, जरा जुनं सांगतो. आम्ही बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकत मोठे झालो. रेडिओ असल्यामुळे त्यांना सगळं शब्दांत उभं करावं लागायचं, क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे इथपासून. टीव्ही आल्यावर बोलणाऱ्याचं काम कमी व्हायला पाहिजे होतं, ते उलट वाढलं. स्नूकरच्या टेड लोव यांना 'व्हिस्परिंग टेड' म्हणत, ते कुजबुजत बोलायचे कारण सुरुवातीला प्रेक्षकांतच बसून बोलावं लागायचं, खेळाडूला त्रास नको. गरजेतून आलेली ती सवय पण त्यामुळे शॉटच्या वेळेला शांतता राहायची. २०२४ च्या जेद्दाह फायनलला गोर्स्ट आणि एक्लेंट काची १४-१४ वर आले, शेवटचा रॅक. अशा वेळेला माणसाने एक अक्षर बोलू नये. खडू लावल्याचा आवाज यावा.

रेफ्रींबद्दल म्हणाल तर मिकाएला टॅब. कार्डिफच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला २००३ साली अर्ल स्ट्रिकलंड आणि स्टीव्ह डेव्हिस यांची मॅच होती, स्ट्रिकलंडचे प्रेक्षकांशी खटके उडत होते आणि ह्या बाई मध्ये उभ्या. आवाज चढवला नाही, ताकीद दिली आणि परत आपल्या जागेवर. पुढे २००९ ला वर्ल्ड स्नूकरची फायनल करणाऱ्या त्या पहिल्या महिला रेफ्री ठरल्या. पूलमध्ये तयार झालेली व्यक्ती तिथवर गेली ह्याचं मला फार कौतुक आहे.

मुलुंडकर_९, रविवार रात्री ९:०२

कुलकर्णी काका, मोस्कोनी कपला मात्र शांतता अपेक्षित नाही हं. युरोप आणि अमेरिका, पाच-पाच जण, लोक भोंगे घेऊन येतात, तोच त्याचा जीव आहे. तिथे रेफ्रीचं अर्धं काम गर्दी सांभाळणं, आणि तीस सेकंदांचं घड्याळ चालू असताना! मला तिथल्या रेफ्रींबद्दल आदर आहे.

एक मात्र खटकतं. प्रत्येक रॅकला एकच एक्स्टेंशन (वाढीव वेळ) मिळतं, ते वापरलंय की शिल्लक आहे हे समालोचकाने सांगायला पाहिजे, कारण पुढचा अवघड शॉट घाईत मारावा लागणार की नाही हे त्यावर ठरतं. बरेचदा सांगतच नाहीत.

कोल्हापुरी_क्यू, रविवार रात्री ९:४०

आणि रॅक, म्हणजे सुरुवातीची बॉलची मांडणी! नऊ नंबर स्पॉटवर (टेबलवरच्या खुणेवर) ठेवायला लागल्यापासून ब्रेकचं, म्हणजे मांडणी फोडायच्या पहिल्या शॉटचं, सगळं गणित बदललं. आधी एक नंबर स्पॉटवर असायचा, कडेचा बॉल कोपऱ्यात हमखास जायचा, ब्रेक म्हणजे नुसता पाठ केलेला धडा झालेला. आता अख्खा रॅक पुढं सरकला आणि तो बॉल तसा जात नाही, म्हणून तर एवढा पुश-आउट (ब्रेकनंतरच्या शॉटला क्यू बॉल कुठंही ढकलायची मुभा) आणि सेफ्टीचा खेळ बघायला मिळतो. नवीन माणसाला हे कुणी सांगितलंच नाही तर त्याला वाटणार ब्रेक वाईट मारला.

रॅकवाली_रेवा (दादर), रविवार रात्री १०:५५

इथे पहिल्यांदाच लिहितेय, बरेच दिवस नुसती वाचत होते.

माझे बाबा मुंबईतल्या एका जिमखान्यात मार्कर होते, एकतीस वर्षं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मार्कर म्हणजे बिलियर्ड रूममध्ये बॉल लावणारा, स्कोअर ठेवणारा, टेबलला ब्रश मारून इस्त्री करणारा, मेंबरला पार्टनर नसेल तर त्याच्याशी खेळणारा, आणि स्पर्धा असेल तेव्हा रेफ्री. फाउल दिला म्हणून मेंबर रागावले तरी 'सर, फाउल' असं परत तेवढ्याच शांतपणे म्हणायचं. बाबा सांगतात, आवाज बदलला की तुम्ही हरलात.

आता ते बहात्तर वर्षांचे आहेत, गुडघ्यामुळे बाहेर कमी जातात. मी त्यांना टीव्हीवर यूट्यूब लावून देते. स्नूकर-बिलियर्डवाले असल्याने आधी पूलला नाकं मुरडायचे, टेबल लहान, पॉकेट मोठं, ह्यात काय. आता रोज बघतात. इंग्रजी त्यांना येत नाही म्हणजे खेळाचे शब्द तेवढे येतात, त्यामुळे आवाज बंद. आणि ते स्वतःच बोलतात! मी शेजारी बसून भाजी निवडत असते. 'आता हा डावीकडून साइड (आडवी फिरकी) देणार, दोन कुशन खाऊन मधल्या पॉकेटजवळ येईल... नाही आला, जोर कमी पडला, आता सेफ्टी शिवाय गत नाही.' शॉटच्या आधी, खडूदादा, तुम्ही म्हणताय अगदी तसं. आणि खेळाडू वाकला की बाबा गप्प, पॉट होईपर्यंत एक शब्द नाही.

तुमचा धागा त्यांना वाचून दाखवला. डबल हिटवर म्हणाले, बरोबर लिहिलंय त्या मुलाने, पण एक राहिलं. जवळचा शॉट असेल तर रेफ्रीने कुठे उभं राहायचं? मागे उभा राहिलास तर काहीच दिसणार नाही, बाजूने, खाली वाकून, आणि खेळाडूच्या नजरेत येता कामा नये. बरेच जण उभ्याउभ्याच निकाल देतात म्हणे.

खडूची_डबी, रविवार रात्री ११:२०

रेवा, बाबांना माझा नमस्कार सांगा. मलाही एका मार्कर काकांनीच शिकवलं, सोळा वर्षांचा होतो. पहिल्याच स्पर्धेत माझ्याकडून चूक झाली होती. ओळीने तीन फाउल झाले की रॅक जातो. खेळाडूचे ओळीने दोन फाउल झाले आणि तिसऱ्या शॉटच्या आधी मी त्याला 'दोन फाउल झालेत' असं सांगायला विसरलो, त्याने तिसरा केला आणि मी रॅक समोरच्याला दिला. काकांनी तिथेच येऊन थांबवलं. आधी सांगितलं नसेल तर तिसरा फाउल दुसराच धरायचा, नियम आहे. मला सगळ्यांसमोर निकाल मागे घ्यावा लागला, आणि काका नंतर चहा पाजताना म्हणाले निकाल मागे घेता आला म्हणजे रेफ्री होशील.

मी वर लिहिलं होतं ना की समालोचन आणि रेफ्री हे दुखणं एकच, ते ह्यासाठी. दोघांनाही टेबल वाचता आलं पाहिजे आणि दोघांनीही वेळेवर बोललं पाहिजे, शॉटच्या आधी. ह्या कामाला पैसे मिळायला पाहिजेत, शिकवायला माणसं पाहिजेत, आणि मागच्या टेबलांना पण मिळाली पाहिजेत. बक्षिसाची रक्कम वाढते त्याची बातमी होते, रेफ्री वाढवल्याची कधी झालेली मी वाचली नाही.

एक विचारू का? बाबांचा आवाज रेकॉर्ड कराल? एखाद्या मॅचचा एकच रॅक, फोनवर. इथे लिंक टाका, आम्ही मॅच लावून बरोबर ऐकू.

एडिसनची_मेघा, सोमवार सकाळी ६:५०

हो हो प्लीज रेवा! माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, इथल्या ज्युनियर लीगमध्ये खेळतो, मराठी त्याला कळतं. त्याला ऐकवायचंय.

कोल्हापुरी_क्यू, सोमवार सकाळी ८:१५

एफ्रेन रेयेसचा १९९५ चा अमेरिकेतल्या रेनोचा रॅक घ्या. स्ट्रिकलंडविरुद्ध, १२-१२, तो दोन कुशनचा किक शॉट (क्यू बॉल आधी कुशनला लावून मग बॉलवर). काकांच्या तोंडून तो ऐकायचाय.

रॅकवाली_रेवा, सोमवार रात्री ९:३०

बाबांना विचारलं. आधी नको म्हणाले, मग जेवताना आपणहून विषय काढला. रेयेसचा रॅक त्यांनी आज चार वेळा बघितला. म्हणाले बोलेन, पण आधी मला सांगा तिथलं कापड नवीन होतं का जुनं, कुशन किती उसळी देत होतं, त्याशिवाय त्या शॉटवर काय बोलणार. चित्रात कळत नाहीये त्यांना. कुणाला माहिती असेल तर लिहा, रविवारी रेकॉर्ड करतो.